फ्लो कंट्रीत तीन दिवस: कुठे थांबायचं, काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी अ‍ॅबर्डीनला शिकते. जूनमध्ये साताऱ्याहून आईबाबा येणार आहेत आणि हातात तीन दिवस आहेत. बाबांना पक्ष्यांचा आणि रानफुलांचा नाद, पण गुडघे साथ देत नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची फ्लो कंट्री बघायचं मनात आहे, पण फोटोंत नुसता तपकिरी माळ आणि काळी डबकी दिसतात. तिथे बघण्यासारखं नक्की काय आहे, आणि गरुड व हरणं हमखास कुठे दिसतील?

‘हमखास’ हा शब्द आधी बाजूला ठेवू या. या माळावर गरुड हमखास कुठेच दिसत नाही. जमीन आम्लधर्मी आणि अन्नद्रव्यांच्या बाबतीत कंगाल आहे, त्यामुळे मोठं काहीही इथे दाटीने राहू शकत नाही. ग्रीनशँक या पाणपक्ष्याची एक जोडी काही चौरस किलोमीटर माळ वापरते, गरुडाची जोडी त्याच्या कितीतरी पट. ‘कुठे दिसेल’ पेक्षा तुमची खरी अडचण वेगळी आहे. हा प्रदेश सपाट आहे, म्हणून नजर आपोआप क्षितिजाकडे पळते, तिथे काही हलत नाही आणि अर्ध्या तासात माणूस कंटाळतो. शिवाय जवळ जाऊन बघू म्हटलं तर जमीन चालू देत नाही. म्हणून मी लोकांना उलट क्रमाने बघायला लावतो: आधी पायाखालचं शेवाळ, मग डबक्याचा काठ, मग मधला माळ आणि सगळ्यात शेवटी आकाश. बाबांच्या गुडघ्यांनाही हाच क्रम सोयीचा आहे, कारण यात चालणं कमी आणि थांबणं जास्त.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. वारा किती आहे, धुकं आहे का, जूनचा पहिला आठवडा आहे की शेवटचा आणि तुमच्याकडे गाडी आहे की तुम्ही रेल्वेने जाणार, यावर निम्मा कार्यक्रम ठरतो.

आता जागेबद्दल. केथनेस आणि सदरलंड या दोन परगण्यांत मिळून सुमारे ४,००० चौरस किलोमीटरवर हा पीटचा, म्हणजे न कुजता साचलेल्या वनस्पतींच्या ओल्या थराचा, माळ पसरला आहे. ‘फ्लो’ म्हणजे इथल्या बोलीत ओलीगच्च, दलदलीची सपाट जमीन. शब्द मूळचा नॉर्स. जुलै २०२४ मध्ये याचा मोठा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. केवळ पीटच्या माळासाठी त्या यादीत आलेलं हे जगातलं पहिलं ठिकाण. तुमच्या साताऱ्याचं कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून त्याच यादीत गेलं आहे, आणि बाबांना हा माळ समजावायला कासचा सडा फार उपयोगी पडेल.

दोन्हीकडे जमीन भुकेली आहे, पण कारणं उलटी. सड्यावर जांभ्यावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात पाणी साचतं आणि दिवाळीपर्यंत सगळं कोरडं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी तिथे पीट साचत नाही, कारण तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने ऊन आणि ऑक्सिजन मिळून सगळा पालापाचोळा कुजवून टाकतात. पीटची चादर अंथरली जायला लागतो तो साधारण १,००० मिलिमीटर पाऊस, पण वर्षभर वाटून: किमान १६० ओले दिवस आणि सर्वांत उबदार महिन्याचंही सरासरी तापमान १५ अंशांच्या आत. फ्लो कंट्रीत तेच होतं. जमीन कधी वाळतच नाही, पाण्याखाली ऑक्सिजन नाही, म्हणून मेलेलं शेवाळ कुजत नाही. ते वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने थरावर थर साठतं. हजार वर्षांत एक मीटर. काही ठिकाणी हा थर दहा मीटरपर्यंत खोल आहे, म्हणजे तळाचं शेवाळ हिमयुग संपल्यानंतर लवकरच उगवलेलं. ओल्या पीटच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तुम्ही उभे असता ती जमीन घन पदार्थाच्या प्रमाणात दुधापेक्षा फार वेगळी नसते, तिला फक्त तंतूंनी धरून ठेवलेलं असतं.

हे सगळं घडवणारा कारागीर म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. जिथे पायवाटेवर फरश्या किंवा फळ्या आहेत तिथे बाबांना खुर्ची टाकून बसवा आणि दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग द्या. खाली एकच हिरवा गालिचा नाही हे लगेच कळेल. उंचवट्यांवर लालसर, घट्ट वीण असलेलं स्फॅग्नम असतं. त्याच्या खालच्या अंगाला पिवळट-मातकट, जाड फांद्यांचं. आणि थेट पाण्यात तरंगणारं फिकट हिरवं, जे बाहेर काढलं तर भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखं लोंबतं. प्रत्येकाची पाण्यापासूनची उंची ठरलेली आहे, काही वेळा फरक जेमतेम पाच-दहा सेंटिमीटरचा. म्हणून शेवाळाच्या रंगावरून पाणी किती खाली आहे ते सांगता येतं, आणि कुठे पाय देऊ नये तेही: चमकदार फिकट हिरवं दिसलं की खाली जमीन नाही असंच धरून चाला. उंचवट्याच्या टोकाला राखाडी, लोकरीसारखं शेवाळ दिसेल, ते स्फॅग्नम नव्हे. ते कोरड्या टोकावर येणारं दुसरंच शेवाळ आहे. स्फॅग्नमच्या पानांत रिकाम्या पेशी असतात, त्यांत ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटपर्यंत पाणी धरतं. त्याच वेळी आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी करून टाकतं, म्हणजे इतर झाडांची सोय संपली.

अशा जागी नायट्रोजन मिळवायचा तर किडे खायचे. इथे बाबांचा चेहरा खुलेल. दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या तीन जाती इथे आहेत. गोल पानाची सगळ्यात सोपी, लाल शेवाळावर रुपयाएवढ्या लाल चकत्या दिसतात. लांब पानाच्या दोन जाती पाण्याच्या अधिक जवळ. काससारखीच चिकट केसांची युक्ती, फक्त हंगाम जून ते ऑगस्ट. डबक्यांत बुडालेल्या बारीक धाग्यांसारख्या वनस्पती दिसल्या तर त्या आपल्या ‘सीतेच्या आसवां’च्या सख्ख्या कुळातल्या, पाण्याखाली पिशव्या लावून सूक्ष्म जीव पकडणाऱ्या. कासवर त्यांच्या फुलांनी सडा जांभळा होतो, इथे फूल क्वचितच वर येतं, म्हणून लोक पाहूनही न पाहिल्यासारखं करतात. बटरवर्ट वाटेकडेच्या ओल्या उघड्या पीटवर बघा: जमिनीला चिकटलेली पिवळट-हिरवी चांदणी आणि मधून एक जांभळं फूल.

फुलांची वेळ सांभाळा. डबक्यांतलं बॉगबीन, म्हणजे पांढऱ्या झालरीच्या पाकळ्यांचं फूल, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत चांगलं. कॉटनग्रासचे पांढरे कापूसबोंडे जूनभर. त्यात एक बारकावा आहे: दांड्यावर एकच बोंड असेल ती जात वेगळी, तीन-चार लोंबत असतील ती वेगळी. एकबोंडी जातीवर लार्ज हीथ फुलपाखराच्या अळ्या वाढतात, म्हणून ते फुलपाखरू जून अखेरीस तिथेच शोधायचं. बसल्यावर ते पंख मिटूनच ठेवतं. पिवळं बॉग अ‍ॅस्फोडेल जुलैत. आणि जांभळ्या हेदरचा जो फोटो सगळ्यांच्या डोक्यात असतो तो ऑगस्टमधला, जूनमध्ये त्याची अपेक्षा धरू नका.

आता पक्षी. पहिली सूचना रुक्ष आहे: जमिनीवरून उडालेलं कुठलंही छोटं तपकिरी पाखरू आधी मेडो पिपिट समजा, बहुतेक वेळा तेच असतं. तेच कोकिळेच्या भाईबंदाचं, कुक्कूचं, इथलं मुख्य लक्ष्य. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची साद ऐकू येते.

खरा माळाचा पक्षी म्हणजे सोनेरी चिखल्या. आपल्या टिटवीपेक्षा किंचित लहान, पाठ सोनेरी ठिपक्यांची, पोट काळं आणि मध्ये पांढरी कड. तो दिसण्याआधी ऐकू येतो: एकच उदास, लांबवलेली शीळ. आवाज आला की उंचवट्यांची टोकं एकेक करून दुर्बिणीने तपासा, तो पहारेकऱ्यासारखा टोकावर उभा असतो. त्याच्या मागे काही पावलांवर चिमणीपेक्षा जरा मोठा, काळ्या पोटाचा डनलिन सापडण्याची शक्यता असते. डनलिन या चिखल्याच्या सावधपणाचा फायदा घेतो आणि त्याच्या आसपास राहतो. चिखल्या तुमच्याभोवती फिरत सतत शीळ घालू लागला तर तो तुमचं स्वागत करत नाहीये. पिल्लं जवळ आहेत. आल्या वाटेने मागे फिरा.

ग्रीनशँक बाबांनी खाडीकाठी हिवाळ्यात पाहिला असेल. जात तीच, पण आपल्याकडे येणारे आणखी पूर्वेकडचे. इथे तो वीण घालतो: एखादा दगड किंवा जुन्या लाकडाचा तुकडा धरून जमिनीवर चार अंडी, आणि पिल्लं बाहेर आली की पायीच तळ्याकाठी. तिन्ही पाणपक्ष्यांसाठी नियम एकच: दलदल जितकी ओली आणि डबकी जितकी दाट, तितकी शक्यता जास्त.

डायव्हर म्हणजे बुडी मारून मासे पकडणारे पाणपक्षी. ते ओळखायला तळ्याचा आकार बघा. लाल गळ्याचा डायव्हर अगदी छोट्या डबक्यावरही घरटं करतो, कारण तो खाण्यासाठी समुद्रावर जातो. दिवसातून अनेकदा तो डोक्यावरून सरळ रेषेत, बदकासारखा कलकलत जाताना दिसेल. काळ्या गळ्याचा डायव्हर मोठ्या तळ्यावर, शक्यतो बेटावर घरटं करतो आणि बहुतेक वेळा तिथेच मासे पकडतो. दोघांचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर ते नीट चालू शकत नाहीत, म्हणून घरटं पाण्याच्या अगदी काठाला. माणूस काठावर आला की पक्षी पाण्यात उतरतो, अंडी उघडी पडतात आणि कावळा किंवा गल बाकीचं काम करतो. दोन्ही डायव्हर, ग्रीनशँक, हेन हॅरिअर, मर्लिन आणि सोनेरी गरुड या सगळ्यांना घरट्यापाशी त्रास देणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फोटोसाठी काठापर्यंत जायचं नाही; गाडीतून किंवा मनोऱ्यावरून, शक्यतो टेलिस्कोपने बघायचं.

शिकारी पक्ष्यांत हेन हॅरिअर बाबांना घरचा वाटेल. आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणारे भोवते जसे गवताच्या टोकांवरून हेलकावत जातात तसाच. नर राखाडी, मादी तपकिरी आणि कमरेवर पांढरा पट्टा. आखूड कानांचं घुबडही दिवसा असंच उडतं, पण त्याची संख्या छोट्या उंदरांवर अवलंबून असते. एका वर्षी दिसतं, दुसऱ्या वर्षी नाही. गरुडासाठी माळ सोडून डोंगररेषा धरा: दक्षिणेला मॉर्व्हेन (७०६ मीटर), पश्चिमेला बेन ग्रिअमची जोडशिखरं. स्वच्छ हवेत वीस मिनिटं तीच रेषा डावीकडून उजवीकडे संथ बघत राहायचं. हे धीराचं काम आहे.

लाल हरणं मात्र दिसण्याची शक्यता चांगली आहे, पहाटे किंवा रात्री नऊनंतर, रस्त्यालगतच्या उतारांवर. जूनमध्ये नरांची शिंगं मखमली कातडीत असतात. माद्यांची पिल्लं याच काळात जन्मतात आणि गवतात निपचित पडून राहतात. एकटं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, हात न लावता निघून जा. पाणमांजर हॅलाडेल नदीच्या काठाने, पुलावरून शोधायचं.

एक दृश्य तुम्हाला खटकेल, ते आधीच सांगतो. माळाच्या मधोमध परदेशी सूचिपर्णी झाडांचे काळेकुट्ट चौकोन आणि त्यांच्या शेजारी बुंध्यांनी भरलेली उजाड रानं. १९८० च्या दशकात करसवलतीमुळे श्रीमंतांनी इथे पैसे गुंतवले, पीट खोल नांगरून चर काढले आणि सिटका स्प्रूस, लॉजपोल पाइन लावले. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत बंद झाली. नुकसान झाडाखालच्या जमिनीपुरतं नव्हतं: पीट वाळून भेगाळलं, आणि जंगलाच्या कडेपासून सुमारे ७०० मीटरपर्यंत चिखल्या आणि डनलिन कमी झाले, कारण कोल्हे-कावळ्यांना आडोसा मिळाला आणि मोकळी नजर गेली. म्हणून पक्षी बघायची जागा निवडताना जंगलाच्या कडेला थांबू नका. उजाड दिसणारी रानं म्हणजे झाडं मुद्दाम पाडून चर बुजवलेली. चरांत पीटचे बांध घालतात, पाणी वर येतं, मग स्फॅग्नम परततं. हे सावकाश होतं: मोजमापांत असं दिसलं की दहा वर्षांपूर्वी झाडं काढलेला तुकडा अजून कार्बन सोडत होता, सोळा वर्षांपूर्वीचा शोषू लागला होता. पक्षी संरक्षण संस्था आरएसपीबीने १९९५ पासून फॉर्सिनार्डला जमीन घेत हे काम चालवलं आहे आणि आज तिथलं अभयारण्य २१,००० हेक्टरच्या पुढे गेलं आहे.

तीन दिवस मी असे वाटेन. मुक्काम हेल्म्सडेल किंवा उत्तर किनाऱ्यावर मेल्विचजवळ. दोन्हींना जोडणारा ए८९७ हा एका गाडीपुरताच रुंद रस्ता फॉर्सिनार्डवरून जातो. हेल्म्सडेलहून अंतर सुमारे ४० किलोमीटर, पण एक तास धरा. पासिंग प्लेस, म्हणजे रस्त्याकडेच्या रुंद केलेल्या जागा, समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी आहेत, पक्षी बघायला गाडी तिथे उभी करू नका. पहिल्या दिवशी फक्त फॉर्सिनार्ड: रेल्वे स्थानकाच्या इमारतीतच माहिती केंद्र आहे, तिथे आदल्या आठवड्यात काय दिसलं ते विचारा. जवळूनच डुब्ह लोहन वाट निघते, गेलिकमध्ये ‘काळी छोटी तळी’. फरश्या आणि फळ्यांची, छोटीशी आणि सपाट, तिच्यावर लाकडी मनोरा. मनोऱ्यावर गेल्याशिवाय डबक्यांची नक्षी समजत नाही, जमिनीवरून ती केवळ काळ्या रेषा दिसतात. या वाटेला बाबांचे गुडघे तक्रार करणार नाहीत, पण वेळ मात्र तीन तास द्या. दुसऱ्या दिवशी किन्ब्रेसहून पश्चिमेला जाणारा बी८७१ घ्या. बॅडनलॉकच्या मोठ्या तळ्यांकडे रस्त्यावरूनच बघता येतं. तिसरा दिवस हवामान बिघडलं तर भरपाईसाठी राखीव, चांगलं असेल तर उत्तर किनाऱ्यावर, समुद्रात मासे पकडणारे डायव्हर बघायला.

जूनच्या मध्यात सूर्य चार-सव्वाचारला उगवतो आणि जवळपास साडेदहाला मावळतो. दुपारी बारा ते चार माळ खरोखर सुस्त असतो, तेव्हा झोपा. पहाटे चार ते आठ आणि रात्री आठ ते दहा हा कामाचा वेळ.

त्याच वेळी मिज नावाची चिलटंही कामावर असतात, मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत. डासापेक्षा खूप लहान, पण हजारोंनी. ताशी अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की ती उडू शकत नाहीत, म्हणून निवाऱ्याची जागा न शोधता वाऱ्यावर उभं राहा. फिकट रंगाचे कपडे, डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी. आपली डासांची जाळी चालत नाही, भोकं मोठी असतात. गोचिडांचा विषय अधिक गंभीर. पँट मोज्यांत खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. तीन ते तीस दिवसांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा आला तर लाइम आजारासाठी डॉक्टरांकडे जा. आईबाबा तोवर साताऱ्याला परतले असतील, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना स्कॉटलंडला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगायला हवं, कारण हा आजार त्यांच्या डोक्यात सहजी येणार नाही.

सामानात ८×४२ दुर्बीण, भिंग, गमबूट, वाराबंद जाकीट आणि स्वेटर. दिवसाचं तापमान दहा ते सोळा अंश, वाऱ्यात त्याहून कमी भासतं. घडीची खुर्ची विसरू नका. फोनला बऱ्याच भागात रेंज नसते, नकाशा कागदावर घ्या. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने माळावर जबाबदारीने फिरायचा हक्क आहे, पण हक्क आहे म्हणून फरशी सोडून आत शिरू नका: डबकी कमरेपेक्षा खोल असू शकतात, काठ आतून पोकळ असतो आणि स्फॅग्नमवर उमटलेलं पाऊल भरून यायला वर्षं लागतात.

गाडी नसेल तर इनव्हर्नेसहून थर्सो-विककडे जाणारी रेल्वे साधारण तीन तासांत फॉर्सिनार्डला सोडते. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. जमलं तर फॉर्सिनार्डला उतरण्याऐवजी एकदा तशाच पुढे अल्टनाब्रेकच्या दिशेने जा. तो टप्पा रस्ता नसलेल्या माळावरून जातो. रुळांच्या कडेला बर्फ अडवायची जुनी कुंपणं दिसतील, आणि बाबांना जागेवर बसल्याबसल्या हरणं शोधता येतील.